अडतीस मीटरची आघाडी

आपल्याजवळ काय आहे एवढं कळून माणसाचं समाधान होत नाही. ते दुसऱ्यापेक्षा किती जास्त आहे हे कळलं की होतं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असली, तरी तिच्यासाठी स्वतंत्र कार्यालय, दोन पंखे आणि एक वर्ग-दोनचा अधिकारी द्यावा, हे शहाणपण फार थोड्या ठिकाणी सुचतं. त्या शहराला ते सुचलं होतं.

शहर दोन पाण्यांवर जगत होतं. वरच्या अंगाची वस्ती टेकडीतल्या तलावाचं पाणी प्यायची, खालच्या अंगाची वस्ती नदीवरच्या धरणाचं. जलखात्याच्या तिसऱ्या मजल्यावर 'तुलना कक्ष' होता. रोज सकाळी तलावाची पातळी आणि धरणाची पातळी फोनवरून घ्यायची, मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करायचा आणि आलेलं उत्तर मुख्य चौकातल्या फलकावर लावायचं, हे कक्षाचं काम. वजाबाकी एकच असली तरी ती गंभीर होती. एक कारकून ती करायचा आणि दुसरा तीच बेरीज करून ताडून पाहायचा. (दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर निवाडा द्यायला तिसरं पद मंजूर होतं. ते पहिल्यापासून रिकामं होतं, त्यामुळे उत्तरं जुळत.)

पातळी समुद्रसपाटीपासून मोजत. समुद्र तिथून बराच लांब होता आणि बहुतेक नागरिकांनी तो पाहिलेलाही नव्हता. पण दोन्ही बाजूंशी त्याचा काही संबंध नसल्यामुळे पंच म्हणून त्यालाच नेमलं होतं. आता तलाव टेकडीत आणि धरण खोऱ्यात, तेव्हा तलाव कायम पुढे. कक्ष स्थापन झाल्यापासून तलाव एकदाही हरला नव्हता. वरच्या अंगाचे लोक सकाळी चौकातून जाताना फलकाकडे बघत आणि पाठ ताठ करून पुढे जात. खालच्या अंगाचे लोक त्या चौकातून जायचंच टाळत.

कक्षाचे प्रमुख म्हणजे तुलनाधिकारी. खात्यात त्यांना 'मीटरसाहेब' म्हणत. गृहस्थ सरळमार्गी, हुशार, वेळेवर येणारे. उंची वेगळी आणि पाणी वेगळं, हे त्यांना कळत नव्हतं असं कुणी समजू नये. आपलं यकृत कुठल्या बाजूला आहे हे जसं आपल्याला माहीत असतं, तसं ते त्यांना माहीत होतं. कधी कामाला आलं नव्हतं, एवढंच.

शिवाय या नोकरीत त्यांचा जीव अडकण्याचं एक घरगुती कारण होतं. खालच्या धरणावर जे उपअभियंता होते, ते त्यांचे सख्खे साडू. थोरली बहीण धरणाला दिलेली आणि धाकटी तलावाला, असं सासूबाई म्हणत. लग्न झाल्यापासून सासूबाई दोन्ही जावयांची मोजमापं घेत आल्या होत्या. थोरल्यांचं घर दोन खोल्यांनी मोठं. थोरल्यांचा पगार एका श्रेणीने वर. थोरल्यांच्या डोक्यावर केस, आणि तेही स्वतःचे. मीटरसाहेब या सगळ्या बाबतींत मागे होते. फक्त समुद्रसपाटीपासून ते पुढे होते.

म्हणून घरी सगळे जमले, की जेवणं झाल्यावर ते हात पुसत सहज विचारल्यासारखं विचारत, "काय साडूभाऊ, सध्या किती?"

"पाचशे अठ्ठ्याऐंशी," साडूभाऊ खाली बघून म्हणत.

"असू दे. येईल हळूहळू वर."

दोन्ही घरं एकमेकांना पाण्यात पाहत होती असं मात्र म्हणता येणार नाही, कारण पाणी वेगवेगळं होतं.

मग एक वर्ष असं आलं की पाऊस सगळा खालच्या अंगाला पडला आणि टेकडीवर नुसतं आभाळ येऊन गेलं. धरण काठोकाठ भरलं. पाचशे एक्क्याण्णववर पोचून सांडव्यावरून वाहायला लागलं. तलाव मात्र सहाशे चाळीसवरून उतरत उतरत सहाशे एकोणतीसवर आला. कक्षाने नेहमीप्रमाणे वजाबाकी केली आणि फलक लागला: 'तलाव अडतीस मीटरने आघाडीवर.'

त्या दिवशी संध्याकाळी धाकटीने स्वयंपाकघरातून हाक मारली. "अहो, नळाला पाणी बारीक येतंय."

"तरी आपण अडतीस मीटरने पुढे आहोत," मीटरसाहेब बूट काढत म्हणाले.

"ते अडतीस मीटर बादलीत कधी येणार?"

या प्रश्नाचं उत्तर कक्षाच्या अखत्यारीत येत नव्हतं. पाण्याचा साठा मोजणं हे 'साठा शाखे'चं काम होतं. त्या शाखेला खोली होती, टेबल होतं, दारावर पाटीही होती. माणूस मिळायचा होता.

पाणी कमी आहे म्हटल्यावर कपात आली. कपात कुणावर, हा प्रश्न खात्याने अजिबात भावनेच्या आहारी न जाता सोडवला. नियमच होता: जो मागे, त्याला कपात. मागे कोण, ते चौकात लिहिलेलंच होतं. त्यामुळे खालच्या अंगाचे नळ एक दिवसाआड झाले आणि मग दोन दिवसांआड. धरण भरून वाहत होतं. त्या सांडव्याचा आवाज खालच्या वस्तीत घराघरांत ऐकू यायचा आणि तो ऐकत लोक नळाखाली कोरडी भांडी मांडून बसत. आपल्या मागासलेपणाची एवढी मोठी शिक्षा का, हे त्यांना समजेना. धरण भरलंय म्हणून पाणी द्या, असं म्हणायचं त्यांच्यातल्या एकाने सुचवलं होतं. पण ते फार साधं वाटलं. त्यांनी मोर्चा काढला तो वेगळ्याच मागणीसाठी: 'समान पातळी मिळालीच पाहिजे.'

मागणी न्याय्य होती. तिच्यासाठी 'पाणी उतार समिती' नेमण्यात आली. (टंकलेखनात ती 'पाणउतारा समिती' झाली. दुरुस्तीचा प्रस्ताव गेला होता, पण तोपर्यंत शिक्के तयार झाले होते.) समितीत वरच्या आणि खालच्या अंगाचे सारखेच सभासद होते. प्रत्येकासमोर पाण्याची एकेक सीलबंद बाटली ठेवलेली होती. ते पाणी कुठल्या उंचीवरचं, हे बाटलीवर छापलेलं नव्हतं.

पहिल्याच बैठकीत तोडगा निघाला. ज्याची पातळी जास्त, त्याने ज्याची कमी त्याला द्यावं. तलावाचे दरवाजे उघडायचे, पाणी कालव्याने धरणात सोडायचं आणि दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या की दरवाजे बंद करायचे. यात पंप लागत नव्हता, वीज लागत नव्हती. पाणी आपण होऊन खालीच जाणार होतं, म्हणजे निसर्गाचीही या तोडग्याला संमती होती.

अध्यक्षस्थानी जलखात्याचे मोठे साहेब होते. त्यांनी मीटरसाहेबांकडे पाहिलं. "तांत्रिक अडचण काही?"

मीटरसाहेबांना अडचण दिसत होती. तलावाचा तळ सहाशे बावीस मीटरवर होता. म्हणजे तलाव पार कोरडा केला तरी धरणाशी बरोबरी होणं शक्य नव्हतं. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच हिशेबाची दुसरी बाजू त्यांच्या लक्षात आली. तलाव कोरडा झाला तरी आपण हरत नाही. काहीही झालं तरी हरत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हाती अशी गोष्ट लागली होती, जी थोरल्या जावयाला कधीच मिळणार नव्हती. त्यांच्या छातीत ऊब पसरली. उघडलेलं तोंड रिकामं कसं मिटायचं, म्हणून ते म्हणाले, "अडचण काही नाही साहेब."

समोर बसलेले साडूभाऊ पुटपुटले, "आमच्याकडे ठेवायला जागा नाही." पण ते हळू बोलले. इतिवृत्तात हळू बोललेलं घेत नाहीत.

दरवाजे उघडले. तलावाचं पाणी कालव्यातून धरणात आलं, धरणातून सांडव्यावर गेलं, सांडव्यावरून नदीत आणि नदीतून, कक्षाच्या अंदाजानुसार, पंचांकडे. धरणाची पातळी पाचशे एक्क्याण्णवच राहिली. समितीने चिकाटी सोडली नाही. रोज आढावा घेतला आणि रोज दरवाजे थोडे थोडे जास्त उघडले. शेवटी तलावात दोन होड्या चिखलात कलंडलेल्या दिसायला लागल्या. मोजपट्टी तळापर्यंत उघडी पडली. तिच्यावर एक पक्षी बसायचा. त्याच्या पायाशी सहाशे बावीसचा आकडा होता.

चौकात फलक लागला: 'तलाव एकतीस मीटरने आघाडीवर.'

दुसऱ्याच दिवशी वरच्या अंगाचं शिष्टमंडळ कक्षात आलं. चिंतेत होतं. सात मीटर गेले कुठे, अशी त्यांची तक्रार होती. मीटरसाहेबांनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि समजावलं, की काळजीचं कारण नाही, याहून खाली आता जाणं शक्यच नाही. शिष्टमंडळाच्या तोंडावर समाधान दिसलं. नळाचा विषय कुणी काढला नाही. सरकारी कचेरीत घरगुती गोष्टी बोलणं बरं दिसत नाही.

वरच्या अंगाच्या नळांना आता हवा येत होती. सुरुवातीला फुसफुसून येई, मग तीही थकली. खालच्या धरणावरून टँकर भरून वर यायला लागले. (हेच पाणी खाली असताना पाचशे एक्क्याण्णव मीटरचं असे. टँकर घाट चढून वर आला, की सहाशे तीसचं होई. खात्याच्या वार्षिक अहवालात याची नोंद 'जलपातळीत वाढ' या मथळ्याखाली आहे.) गल्लीत टँकर आला, की धाकटी दोन बादल्या आणि एक पिंप घेऊन धावे. तीन दिवस मीटरसाहेब नुसतं तोंड धुऊन कचेरीत गेले. चौथ्या दिवशी कारकुनांनी आपापली टेबलं खिडकीकडे सरकवली.

"ताईकडे जाऊन आंघोळ करून या," धाकटी म्हणाली. "मी कपडे नेतेच आहे धुवायला."

"साडूंकडे? आंघोळीला?"

"मग काय समुद्रावर जाता?"

साडूभाऊंच्या नळालाही पाणी नव्हतं, कारण कपात चालूच होती. पण ते धरणावरून जीपमध्ये कॅन भरून आणत. थोरलीने दार उघडलं आणि एक शब्दही न बोलता बाजूला झाली. एवढ्यानेच मीटरसाहेब अर्धे झाले. साडूभाऊ न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं वाट पाहिल्याची शांती होती.

"गार चालेल ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "पाचशे एक्क्याण्णवचं आहे."

मीटरसाहेब टॉवेल घेऊन आत गेले आणि कडी लावली. स्टुलावर बसून त्यांनी पहिला तांब्या डोक्यावर ओतला. मग दुसरा. मग बादलीत हात घालून ते नुसतेच बसून राहिले. पंधरा वर्षं त्यांनी पाण्याचा आकडा लिहिला होता. आता कोपरापर्यंत हात बुडत होता आणि त्या बुडण्याला काय म्हणतात, ते त्यांना आठवत होतं. खोली. शब्द साधाच होता. बाहेरून साडूभाऊंनी विचारलं, "आणखी एक बादली देऊ का?" मीटरसाहेबांना नाही म्हणायचं होतं. ते हो म्हणाले.

त्याच ओल्या डोक्याने ते मोठ्या साहेबांच्या दालनात गेले.

"साहेब, फलकावर लिहायला पाहिजे. तलावात पाणी नाही."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "'पाणी नाही' ही पातळी झाली का?"

"नाही."

"मग आपल्या फलकावर कशी येईल ती?"

"एक रकाना वाढवू या. खोलीचा."

मोठ्या साहेबांनी विचार केला. "खोलीला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "शब्द चांगला आहे. दोन अर्थ होतात. कुणाला राग आला तर दुसरा सांगता येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या लोकांनी फलकावर नवा रकाना पाहिला. तलाव, खोली शून्य. धरण, खोली एकतीस. आघाडी होती तेवढ्याच आकड्याची पिछाडी झाली होती. मीटरसाहेब चौकाच्या पलीकडच्या कडेला उभे राहून बघत होते. लोक थांबत होते, वाचत होते, पुन्हा वाचत होते. आता कुणीतरी विचारणार, की मग दरवाजे कुणी उघडले. त्यांनी उत्तराची तयारी केली होती. 'मी होतो त्या बैठकीत' असं ते सांगणार होते. आदल्या रात्री आरशासमोर त्यांनी ते म्हणूनही पाहिलं होतं.

दुपारी वरच्या अंगाचा मोर्चा आला. मोठा होता. सगळ्यांच्या हातांत रिकाम्या बादल्या होत्या, कारण टँकरच्या रांगेतून लोक तसेच उठून आले होते. बादल्या वाजवत ते तिसऱ्या मजल्यावर चढले आणि त्यांनी निवेदन दिलं: खोलीचा रकाना ताबडतोब काढून टाका.

"शून्य म्हणजे काय, शून्य?" पुढे उभा असलेला औषधांचा दुकानदार म्हणाला. "आमची मुलं शाळेत जाताना हे वाचतात."

"घरांचे भाव पडतील," मागून एकजण म्हणाला.

"पण तलाव कोरडा आहे," मीटरसाहेब म्हणाले. "तुम्ही बादल्या घेऊन आलात."

दुकानदाराने आपल्या हातातल्या बादलीकडे पाहिलं आणि ती हळूच पाठीमागे धरली. "कोरडा आहे ते आम्हाला माहीत आहे हो," तो म्हणाला. "खालच्यांना कशाला कळायला पाहिजे?"

मीटरसाहेबांनी निवेदन ठेवून घेतलं, पण मनाने ते हलले नाहीत. घरी एक माणूस तरी आपल्या बाजूचं आहे, एवढा आधार त्यांना होता. बादलीचा प्रश्न पहिल्यांदा तिनेच विचारला होता. ते घरी पोचले तेव्हा धाकटी फोनवर बोलत होती. पलीकडे सासूबाई होत्या. त्यांचा आवाज फोनची गरज नसल्यासारखा ऐकू येत होता.

"काय गं, तुमच्याकडे शून्य म्हणे?"

"आई, ते नवीन आहे. अजून काही नक्की नाही."

"थोरलीकडे एकतीस. मी संध्याकाळच्या पेपरात वाचलं."

"हो आई."

धाकटीने फोन ठेवला. टँकरच्या पाण्याचं पिंप तिने दिवसभरात अर्धं केलं होतं. त्यावर झाकण नीट बसवत ती म्हणाली, "तो रकाना काढा."

"अगं, तूच म्हणत होतीस, पाणी बादलीत कधी..."

"पाण्याचं माझं मी बघते. रांगेत उभी राहीन. नाहीतर ताईकडून आणीन मागच्या दाराने. ते कुणाला कळत नाही." तिने हात पदराला पुसले. "शून्य सगळ्यांना कळलं."

मीटरसाहेब खुर्चीवर बसले. बायको खोटं बोलत असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ती थकली होती. तिच्या दोन्ही तळहातांवर बादलीच्या कडीचे वळ होते, आणि तरी ती म्हणत होती ते तिला मनापासून हवं होतं.

रकाना काढण्यात आला. फलक पुन्हा पहिल्यासारखा झाला. एकतीसची आघाडी होती, एकतीसच राहिली. वरच्या अंगाचे लोक चौकातून पाठ ताठ करून जायला लागले. (डाव्या हातात बादली असली, की पाठ उजवीकडे थोडी कलते, पण ते लांबून दिसत नाही.) खालच्या अंगाने समान पातळीसाठी दुसरी समिती मागितली आणि तिला मंजुरी मिळाली. साडूभाऊंची त्या समितीवर नेमणूक झाली. ते तिथेही हळू बोलत.

मीटरसाहेबांच्या मनाला मात्र टोचणी राहिली. त्यांनी मोठ्या साहेबांकडून फलकाच्या खाली एक बारीक ओळ मंजूर करून घेतली: 'पाण्याविषयी चौकशी करावयाची असल्यास खिडकी क्रमांक चार.' खिडकीला माणूस मिळेना, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ते स्वतः तिथे बसायला लागले. तळ, खोली, साठा, दरवाजे कधी उघडले, कुणी उघडले, कुणाच्या संमतीने, सगळं ते सांगणार होते. स्वतःचं नाव वगळायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं होतं. कितीतरी आठवडे कुणी आलं नाही. शेजारच्या तीन नंबरच्या खिडकीवर मात्र रांग असे. तिथे आपल्या घराची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहून मिळत होती, दाराला लावण्यासाठी.

अखेर एके दिवशी एक गृहस्थ सरळ चार नंबरकडे आले. शिकलेले दिसत होते. काखेत पुस्तक होतं. डोळ्यांत चार ठिकाणचं वाचलेल्या माणसाची ती किंचित हसरी चमक होती, जी दुसऱ्यांचा मूर्खपणा ओळखता आल्यामुळे येते. मीटरसाहेब सावरून बसले. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला बाजूला केला.

"इथे पाण्याची चौकशी करतात ना?" गृहस्थांनी विचारलं.

"हो, हो. विचारा."

"खालच्या अंगाचे किती लोक येऊन गेले?"

"अजून कुणीच नाही."

"आणि आमच्या वरच्या अंगाचे?"

"तुम्हीच पहिले."

"म्हणजे आपण एकाने पुढे," गृहस्थ म्हणाले. त्यांनी समाधानाने मान डोलावली, पुस्तक दुसऱ्या काखेत घेतलं आणि ते निघाले.

"अहो, पाण्याचं विचारायचं राहिलं," मीटरसाहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली.

गृहस्थ जिन्यावर थांबले. "ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "लोकांना माहीत नाही, हीच तर अडचण आहे."

हे वाचताना ज्यांना आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी आठवलं असेल, त्यांना कळवण्यात येतं की त्या व्यक्तीने हे आधीच वाचलेलं आहे. वाचताना तिलाही कुणीतरी आठवलं होतं आणि ती बराच वेळ हसत होती. कोण आठवलं, ते खिडकी क्रमांक चारवर सांगितलं जात नाही.